खाडीकाठी न झालेलं कारंजं

आमची कंपनी तुर्भ्याला. औषधांच्या गोळ्या ज्यात भरतात ती पाकिटं आम्ही बनवतो. एका वर्षी नफा चांगला झाला आणि कायद्यानुसार त्यातला काही हिस्सा समाजासाठी खर्च करणं आम्हाला भाग पडलं. त्याला सीएसआर म्हणतात. हे काम कोणी बघायचं असा विषय मीटिंगमध्ये निघाला तेव्हा मी नेमका फोन घ्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

मालकांना वाटलं, सोपं आहे. सांडपाणी शुद्ध करायला नवीन मशीन घ्यायचंच होतं, तेच सीएसआरमध्ये दाखवू. "पर्यावरणच आहे की ते!"

आमच्या कंपनी सेक्रेटरी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सर, आपलं घाण पाणी साफ करणं हे आपलं कामच आहे. कायद्याने बांधील आहोत आपण. ती समाजसेवा नाही."

मालक हिरमुसले. पण आठवड्याभरात नवीन कल्पना घेऊन आले. कोपरखैरण्याला खाडीच्या कडेला कारंजं, चकचकीत फरशा, बाकं, सेल्फी पॉइंट आणि वर कमानीवर कंपनीचं नाव. स्वतः रंगीत पेन्सिलींनी चित्र काढलं होतं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? जुईनगरला घरी नेऊन बायकोला दाखवलं.

"डास होतील," ती म्हणाली.

चित्र घेऊन मी परवानगीसाठी वनविभागात गेलो. तिथल्या अधिकारी बाई साताऱ्याकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी चित्र नीट निरखलं.

"छान काढलंय की. कुणी काढलं?"

"आमच्या मालकांनी."

"मग त्यांना म्हणावं, फ्रेम करून घरात लावा. खाडीवर काय लावता यायचं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या काठाला खारफुटी आहे आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे. कोर्टाचा आदेश आहे, खारफुटीपासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही, भराव टाकता येत नाही. "कारंज्याचं राहू द्या, एक वीट ठेवलीत तरी आधी माझी नोटीस येईल."

"मग आम्ही करायचं तरी काय? झाडं लावू का?"

"नको. खारफुटीचं बी भरतीबरोबर येतं आणि आपलं आपण रुजतं. पण प्लॅस्टिक मुळांना गुंडाळतं आणि रोपं गुदमरतात. तेवढा कचरा काढा. रीतसर अर्ज द्या, आमची माणसं बरोबर येतील."

हे ऐकल्यावर मालकांनी टेबलावर हात आपटला. "कचरा? आणि आपलं नाव कुठे लिहायचं, पिशव्यांवर?"

तरी मी अर्ज दिला. मालक फोटोपुरतं येतो म्हणाले आणि शनिवारी सकाळी ओहोटीच्या वेळेला आम्हा स्टाफबरोबर खाडीवर आले. पायात नवे कोरे पांढरे बूट. गमबूट ठेवले होते, पण त्यांना ते फोटोत चांगले दिसतील असं वाटेना. झाडं नसलेला मोकळा चिखल बघून ते तरातरा पुढे गेले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

"हलू नका, सर!" अधिकारी बाई ओरडल्या. "हलाल तेवढं आत जाल!"

मी एक हात धरला, सेक्रेटरी बाईंनी दुसरा. ओढलं. मालक बाहेर आले, बूट आतच राहिला. सगळ्या स्टाफने ओठ दाबून धरले. हसायची हिंमत कोणाची होणार? मालकांनी चिखलाने काळ्या झालेल्या मोज्याकडे पाहिलं, मग आमच्या चेहऱ्यांकडे, आणि स्वतःच खो खो हसायला लागले.

"मॅडम, हा बूट तरी सीएसआरमध्ये धरा!"

"नाही धरता येणार, सर," सेक्रेटरी बाई गंभीरपणे म्हणाल्या. मग मात्र कोणालाच आवरेना.

मालकांनी निमूटपणे गमबूट चढवले. एका रोपाला मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा असा काही अडकला होता की ओढला तर रोप मोडलं असतं. ते उकिडवे बसून एकेक धागा सोडवत राहिले. त्यात किती वेळ गेला, त्यांना कळलंही नाही. शेवटचा धागा सुटल्यावर रोप झटकन सरळ झालं, तेव्हा ते एकदम ओरडले, "अरे, उठलं! बघा, उठलं!" फोटोवाला तोपर्यंत कंटाळून वडापावच्या पिशवीपाशी जाऊन बसला होता.

पुढच्या महिन्यात मी विचारायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "ओहोटी किती वाजता आहे हो?" आता दर महिन्याला जातो. रजेवर असणारे लोकही येतात. एकदा माझी बायकोसुद्धा आली आणि खेकडे बघण्यात इतकी रमली की तिला परत न्यायला हाका माराव्या लागल्या.

गेल्या खेपेला आम्ही पोचलो तर साफ केलेल्या पट्ट्यात हिरवे कोंब वर आले होते. कोणी लावलेले नव्हते. मालकांनी तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चिखलाजवळ धरला.

"दिसतंय का? अगं, ते नाही, ते माझे पाय. त्यांच्या पलीकडे बघ."