बर्फाचा कप्पा

फ्रीजवाल्या मिस्त्रींना त्यांच्या पाठीमागे सगळे थंडोबा म्हणत. धंदा थंडाव्याचा, आणि स्वभावही तसाच. गिऱ्हाईक कितीही भडकलेलं असो, मिस्त्री आधी पाणी मागायचे, मग बूट काढायचे आणि मगच फ्रीजकडे वळायचे. तोवर समोरच्याचा निम्मा राग उतरलेला असायचा.

लोक फोन करत, "मिस्त्री, फ्रीज बंद पडलाय."

"कोणता आहे?"

"पांढरा."

चाळीस वर्षं हेच उत्तर ऐकत आले होते ते. मग शांतपणे समजावून सांगायचे, की भाजीच्या खणाच्या वर, डाव्या भिंतीला एक चिकटपट्टी असेल, तिच्यावरचा नंबर वाचा. पट्टी झिजली असेल तर म्हणायचे, फोन जरा फ्रीजच्या मागे धरा. नुसत्या घरघरीवरून ते ओळखत, की कॉम्प्रेसर ठीक आहे, त्याला चालू करणारा रिले गेलाय. निघताना प्रत्येक घरात तीच तीन वाक्यं. मागच्या जाळीवरची धूळ झाडत जा. दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसत जा. आणि बर्फाला सुरी लावू नका. तिसरं वाक्य मात्र हात जोडून म्हणायचे. बर्फाचा कप्पा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्याच्या आतून गॅस फिरतो. सुरीचं टोक लागलं की संपलं. तरी लोक सुरी लावतच.

ते बाहेर असले की फोन घ्यायचं काम बायकोचं. मिस्त्री दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरात पालथे पडलेले, त्यामुळे घरी फोन तीच घेई आणि चिठ्ठी लिहून ठेवी. नाव, पत्ता, कितवा मजला, मॉडेल, तक्रार. अक्षर मोत्यासारखं. ती फोनवरच निम्मं निदान करायची. "वर बर्फ होतोय पण खाली भाजी सडतेय ना? मग दाराचं रबर बघायला सांगते." मिस्त्री मित्रांना म्हणायचे, खरी मेकॅनिक घरी बसलेली आहे, मी नुसता हमाल.

पहिल्यांदा बिघडली ती चिठ्ठीच. एका सकाळी कागदावर एवढंच होतं : फ्रीज बंद. कुणाचा, कुठला, काही नाही. मिस्त्रींनी विचारलं तर ती चिडली. "लिहिलंय की सगळं! चष्मा लावा ना." पुढच्या आठवड्यात चिठ्ठी व्यवस्थित होती. मिस्त्री पिशवी उचलून दोन जिने उतरले, फाटकापाशी उभं राहून पत्ता वाचला, आणि मटकन पायरीवर बसले. पत्ता त्यांच्या स्वतःच्याच घराचा होता. मग पिशवी घेऊन जिना चढले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, याने ती बरी होणार नाही, घसरण थोडी सावकाश होईल इतकंच. मिस्त्रींनी मान डोलावली. ज्याचे भाग मिळत नाहीत असं यंत्र आता दुरुस्त होणार नाही, हे त्यांनीही अनेकांना सांगितलं होतं. आपणही त्या वेळी असेच सरळ बोलायचो, हे त्यांना तेव्हा आठवलं.

त्यांच्या घरातला फ्रीज पिस्ता रंगाचा होता, एका दाराचा, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेला. बायकोचे दोन्ही हात भरलेले असले की ती कमरेने दार ढकलायची, आणि त्या ठिकाणी पत्रा किंचित आत गेला होता. ती हळूहळू बरंच काही विसरली. नळ बंद करायला विसरली, गॅस पेटवायचा कसा ते विसरली, भावाचं नाव विसरली. पण फ्रीज नाही. सकाळी उठली की सरळ जाऊन दार उघडायची, दूध काढायची, कमरेने दार लावायची. फ्रीजमध्ये साबण सापडे, चपला सापडत, एकदा तर मिस्त्रींचा पाना अंड्यांच्या खाचेत नीट मांडून ठेवलेला होता. मिस्त्री निमूटपणे एकेक वस्तू जागच्या जागी नेऊन ठेवत. त्या फ्रीजपाशी उभी असली की ती निदान घरात असे.

दुसऱ्या गावी राहणारी लेक म्हणाली, "बाबा, किती वर्षं ओढणार त्या डबड्याला?" आणि तिने नवा कोरा फ्रीज पाठवून दिला. उंच, राखाडी, दोन दारांचा. दार जरा उघडं राहिलं की टींटीं वाजणारा. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती दारातच थबकली. दुपारभर पदर मुठीत धरून बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून राहिली, पाहुणी बसते तशी. संध्याकाळी हळूच म्हणाली, "अहो, फार उशीर झाला. यांच्याकडे किती वेळ बसायचं? आता घरी जाऊ या ना."

दुसऱ्याच दिवशी नवा फ्रीज शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंकडे गेला आणि गॅलरीत हलवलेला पिस्ता फ्रीज परत जागेवर आला. बायको त्याच्यापाशी गेली, दार उघडलं, रिकाम्या कप्प्यांकडे बघून म्हणाली, "दूध संपलं वाटतं." मिस्त्री लगेच दूध आणायला निघाले.

तेव्हापासून त्या फ्रीजला त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलं. रबर बदललं, थर्मोस्टॅट बदलला, बिजागरीला नवी चकती घातली. बाजारात भाग येईनासे झाले तसे भंगारातून जमवले. घरातल्या सगळ्या सुऱ्या त्यांनी कुलपात ठेवल्या.

उलथनं मात्र राहिलं होतं.

त्या दिवशी ते जवळच एका घरी गेले होते, अर्ध्या तासाचं काम. परत आले तेव्हा स्वयंपाकघरात विचित्र तेलकट वास होता, आणि बायको उलथन्याच्या कोपऱ्याने बर्फ खरवडत होती, अगदी मन लावून. पायाशी पाण्याचं थारोळं.

"अगं, काय करतेस?"

"माझी पिशवी आत अडकलीय."

"कसली पिशवी?"

"शाळेची."

कप्प्याच्या तळाला नखाएवढी चीर पडली होती. गॅस सुटताना होणारा सूं सूं आवाजही थांबला होता, म्हणजे सगळा गॅस केव्हाच निघून गेला होता. मिस्त्रींनी तिच्या हातातून उलथनं घेतलं, तिची गारठलेली बोटं आपल्या शर्टाला पुसली. रागवायचं कुणावर? हजारो घरांत हात जोडून सांगितलेलं वाक्य त्यांच्याच घरात कुणाच्या लक्षात राहणार नव्हतं.

चीर त्यांनी दोनदा बुजवली. पहिल्यांदा खास मसाला लावून, तो चार दिवसांत सुटला. दुसऱ्यांदा डाग देऊन, तेव्हा शेजारीच दुसरं भोक पडलं. पत्रा आतून पोखरला होता. आता कप्पाच नवा हवा.

मॉडेल नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण नुसत्या नंबरावर भागत नव्हतं. कंपनीने त्याच वर्षी मध्येच कप्प्याची रुंदी बदलली होती आणि नळ्यांची तोंडं डावीकडून उजवीकडे नेली होती. बाहेरून फ्रीज जुळे भाऊ, आतून नातं नाही. मिस्त्रींनी कप्प्याची मापं घेतली, तोंडं कुठे आहेत त्याचं चित्र काढलं आणि तो कागद खिशात घालून वणवण सुरू केली.

पार्टच्या दुकानदाराने कागद पाहिला आणि हसला. "मिस्त्री, हा फ्रीज आता कुठे राहिलाय? नव्याच्या कप्प्याचं सांगा, आत्ता देतो." दुसऱ्याने तर कागद न बघताच मान हलवली. भंगारबाजारात ते दारं काढलेल्या फ्रीजच्या रांगांमधून टेप घेऊन फिरले. एकदा हुबेहूब पिस्ता रंगाचा दिसला. धावतच गेले. आत उंदरांनी घर केलेलं, आणि कप्पा आधीच कुणीतरी पत्र्यासाठी उपटून नेलेला.

ते बाहेर असत तेव्हा शिवणकामवाल्या ताई मशीन घेऊन यांच्याच घरात बसायच्या. पहिल्या आठवड्यात त्या सांगत, "आज दहा-बारा वेळा फ्रीज उघडला वहिनींनी. आत हात घालायच्या, गार लागेना म्हणून माझ्याकडे बघायच्या." दुसऱ्या आठवड्यात तीन-चार वेळा. तिसऱ्या आठवड्यात त्या यातलं काही बोलल्याच नाहीत, आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. भाग शोधताना त्यांचे पाय जास्त भराभर पडायला लागले, एवढंच.

शेवटी भंगारवाल्याचा फोन आला. लोक त्याला खिळा म्हणत. वाळलेला, काटक माणूस.

"मिस्त्री, एक जुना दवाखाना मोडलाय. तुमच्या कागदावरचा माल दिसतोय. तोंडं डावीकडेच आहेत."

"हात लावू नकोस. मी आलोच."

"अहो, जेवून या की! पळून नाही जात तो."

मिस्त्री जेवले नाहीत. कप्पा त्यांनी स्वतः सोडवला, नळ्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली, आणि टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा छातीशी धरून घरी आणला.

दोन दिवस काम चाललं. हात पूर्वीसारखे स्थिर राहिले नव्हते. एक जोड तीनदा उतरवून पुन्हा करावा लागला. नळ्यांतली हवा पूर्ण खेचून काढली, राखून ठेवलेला जुन्या प्रकारचा गॅस भरला. बायको दारात खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. शांत होती, चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. मिस्त्रींना किती दिवसांनी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला कप्प्याच्या कडेला पांढरा धुरकट थर धरला, अगदी सारखा, कुठेही न तुटता. चाळीस वर्षांत इतकं स्वच्छ काम हातून झालं नव्हतं.

"ये, बघ," ते म्हणाले. "झाला सुरू."

ती उठून आली. त्यांनी तिचा हात धरून कप्प्याला लावला. तिने झटक्यात मागे घेतला. "भाजलं!"

"भाजलं नाही गं, गार आहे."

ती दोन पावलं मागे सरली. मग पदर सावरून, परक्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मिस्त्री, तुम्हाला अजून किती वेळ लागेल?"

मिस्त्रींनी पाने गोळा करायला घेतले.

"का हो?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. आमचे हे येतील आता. तेसुद्धा फ्रीजचंच काम करतात. उगाच तुम्हाला त्रास दिला, ते आले असते तर त्यांनीच केलं असतं." आणि मग जरा अभिमानाने, "त्यांना नुसता आवाज ऐकून कळतं."

गुडघ्यावर बसलेले मिस्त्री पाने पुसून पिशवीत भरत राहिले. भरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाले, "झालंच, बाई. निघतो."

तिने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावून घेतली. मिस्त्री जिन्यात उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा ती त्यांच्याकडे बघतच राहिली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. मग म्हणाली, "मिस्त्री, काही विसरलात का?"

लेक धावून आली, चार दिवस राहिली. पिस्ता फ्रीज चालू बघून म्हणाली, "बाबा, पुन्हा हेच?" लेकीने आईपुढे दुधाचं पातेलं धरलं, फ्रीजपाशी नेलं, दार उघडून दाखवलं. आई दाराकडे पाहीना, कप्प्यांकडे पाहीना, तिला खिडकीकडे जायचं होतं. पुढच्या महिन्यात हात भरलेले असताना कमरेने दार ढकलणंही गेलं, कारण हातात काही धरणंच गेलं.

मिस्त्रींनी बाहेरची कामं एकेक करून सोडली. फोन आला तर शांतपणे दुसऱ्या कुणाचं तरी नाव देत. ती त्यांच्या हातून जेवत असे, कारण फ्रीजवाला भला माणूस आहे असं तिचं मत झालं होतं. संध्याकाळ झाली की मात्र कासावीस व्हायची. "तुम्ही आता जा हो. हे आले म्हणजे काय म्हणतील?" सुरुवातीला मिस्त्री सांगून बघायचे, की मीच तो. त्यावर ती इतकी घाबरायची, की त्यांनी ते सोडून दिलं. मग ते म्हणायचे, "त्यांचा निरोप आहे. आज उशीर होईल, तोवर थांबायला सांगितलंय."

"कुठे अडकले?"

"कामावर. भाग मिळेना म्हणे."

"खाल्लं असेल का काही त्यांनी?"

"खाल्लं," मिस्त्री सांगत, आणि तिच्या पायांवर चादर ओढून देत.