वीट अडवायची नाय, घ्यायची

दिवाळी सरली की पाड्यावर टेम्पो यायचा. आधी भांडी चढायची, मग गोधड्या, मग टोपलीखाली बांधलेल्या कोंबड्या, आणि शेवटी आम्ही. घराला कुलूप नव्हतं. आय दारात बोरीची काटेरी फांदी आडवी लावायची आणि मागे न बघता टेम्पोत बसायची. शेतातला भात चार महिने पुरायचा. पुढचं पोट वीटभट्टीवर.

पाड्यावर राहिलेल्यांना हे सांगायला नको. बोईसरला खोल्या घेऊन राहिलेल्या आपल्या पोरापोरींसाठी लिहिते आहे. आपण लवकर विसरतो. मी तर ठरवून विसरले.

भट्टीवर ट्रक भरताना खालचा माणूस दोन विटा जोडून वर फेकतो, वरच्याने त्या झेलायच्या. पहिल्यांदा वर उभी राहिले तेव्हा मी हात ताठ धरले. बोटं सोलली. बाबा खालून म्हणाले, "वीट अडवायची नाय गो, घ्यायची. ती येते तिच्यासंगं हात मागं ने."

पुढे आश्रमशाळा, मग पालघरचं कॉलेज. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि याचा मला गर्व आहे. पण त्या तीन वर्षांत मैत्रिणींनी विचारलं की सांगायचे, बाबा बांधकाम लाइनीत आहेत. आता तारापूरला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. जनरल शिफ्ट, पांढरा कोट, दिवसभर सॅम्पल तपासायची. तळव्यांवरचे घट्टे कधी गेले कळलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मनीचा फोन आला. मनी म्हणजे पाड्यावरच्या आमच्या शेजारच्या जान्याकाकांची मुलगी. माझ्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. "ताय, रविवारी मॅच हाय, ये. बाबा बोललाय, जिंकली तं रहा, हरली तं टेम्पोत बस."

जिंकलेल्या टीमला पुढच्या फेरीपर्यंत कॉलेज वसतिगृहात ठेवणार होतं. हरली तर पाड्यावर एकटीला कोण ठेवणार? मनी पावसाळ्यापर्यंत भट्टीवर. तिथून कॉलेजात परत आलेलं आमच्याकडे कोणी नाही.

पहिला गोल आमचा. मग समोरून साधाच फटका आला. मनीने हातमोज्यांचे तळवे ताठ धरले, चेंडू आपटून पुढे उडाला आणि त्यांच्या दुसऱ्या मुलीने तो आत ढकलला. बरोबरी. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, हिला कोणी शिकवलंय की नाही?" माझी बोटं ठणकली.

उत्तरार्धात आम्ही आणखी एक गोल केला. शेवटच्या मिनिटाला त्यांची एक मुलगी एकटीच पुढे घुसली. तिने पाय उचलला आणि मी उभी राहून ओरडले, "मने, अडवू नको! घे! वीट घे गो!"

चेंडू थेट मनीच्या छातीवर आला. तिने हात त्याच्यासंगं मागे नेले, चेंडू पोटाशी धरला आणि गुडघ्यांवर बसली. शिट्टी झाली. दोन-एक.

शेजारच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. "वीट? तुम्ही कुठे खेळायचात?"

"खेळले नाही. वीटभट्टीवर होते. आई-बाबांसोबत." कॉलेजच्या त्या मैदानावर हे मी पहिल्यांदा बोलले.

मनीला मी माझ्या ओरडण्याचं सांगितलं. ती हसली. "काय ऐकला नाय ताय. कानात नुसती धडधड." मग हातमोजे काढत म्हणाली, "हात आपसूकच गेलं मागं."

त्या आठवड्यात टेम्पो आला. मी रजा काढून गेले होते. जान्याकाका म्हणाले, "दोन हात कमी झाले आमचे," आणि चढले. काकींनी सवयीने फांदी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि कुडाला टेकवून ठेवली. कारण दर रविवारी मनी येऊन दार उघडणार होती.

बोईसरच्या माझ्या खोलीला दोन कुलपं आहेत. तरी कोणी घर विचारलं की मला ती बाजूला टेकवलेली फांदी आठवते.

पुढच्या फेरीत टीम हरली. तोवर काका-काकींना मनीशिवाय भट्टीची सवय झाली होती, आणि तिला कोणी बोलावलं नाही. कॉलेजनेही तिला वर्ष संपेपर्यंत वसतिगृहात राहू दिलं. उन्हाळ्यात ती परीक्षेला बसली. पास झाली. आता तिसऱ्या वर्षाला आहे.