दर्यापूरचा निवांत

दर्यापूर हे नाव ऐकून माझ्या आईचा समज झाला होता, की तिथं समुद्र असणार. “म्हणजे दर्या काही सोडला नाही हो त्यानं,” असं ती शेजारणींना सांगे. मी शाळामास्तर असूनही तिचा हा समज मोडायच्या भानगडीत पडलो नाही. उन्हाळ्याची सुटी लागली तसा बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं वऱ्हाडाकडे निघालो. काम एकच होतं. थोरल्या भावाला, दादाला, घरी आणायचं.

दादा घर सोडून का गेला हे सांगायचं, तर आधी आमच्या बंदरातला एक शब्द सांगायला हवा. तुम्ही जमिनीवरची माणसं ‘निवांत’ म्हणता ते दुपारी जेवून पडल्यावर. आमच्याकडे निवांत ही जागा असते. डोंगराच्या आडची, जिथं वारा पोहोचत नाही तिथली. माझे वडील तांडेल होते, म्हणजे गलबताचे म्होरके. आभाळ फिरलं की ते ओरडत, “निवांतात घ्या रे!” आमच्या शाळेतले शास्त्रीबुवा म्हणतात, हा मूळचा संस्कृत ‘निवात’, नि म्हणजे नाही आणि वात म्हणजे वारा. खलाश्यांच्या तोंडी तो कसा गेला, कुणास ठाऊक. त्या जागेचा एक रिवाजही आहे. मागून येणारं गलबत आधीच्यांना हाक देतं, “जागा हाय का?” त्यावर “हाय, ये,” असंच उत्तर द्यायचं. मग तो सात पिढ्यांचा वैरी का असेना.

एका वर्षी गणपतीला घरी पोहोचायच्या घाईत दादानं बाबांचा शब्द मोडून गलबत निवांतातून लवकर बाहेर काढलं. माणसं पोहून आली, गलबत खडकावर फुटलं. बाबांनी त्याला अंगणातच अडवलं. “माझ्या घरात तुला जागा नाही.” ज्यांनी आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, त्यांनी ते पोटच्या पोराला म्हटलं. दादा मुंबईला गेला, आणि तिथून कापसाच्या कारखान्याची यंत्रं घेऊन निघालेल्या माणसांबरोबर वऱ्हाडात उतरला. तो परत आलाच नाही.

अकोल्याला गाडीची खिडकी उघडली आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. मुर्तिजापूरला छोट्या गाडीत बसलो. ती इतकी सावकाश चालली होती, की उतरून बाभळीखाली बसावं आणि पुन्हा चढावं. दर्यापूरला रेंगी (हलकी बैलगाडी) मिळाली. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली, मोकळी शेतं. गाडीवानानं विचारलं, “कुठून आले जी?”

“समुद्राकडून.”

“मंग तिकडं पानी लय असन!”

“आहे. पण पिता येत नाही.”

“मंग काय कामाचं, बापा!” तो म्हणाला आणि बैलांकडे वळला.

दादा राहतो तो पानमळा, म्हणजे विड्याच्या पानांची बाग. मालकीण तुळसाबाई दारातच उभ्या होत्या. “चपला बाहीर काढा, भाऊ. पानमळा हाये, देवघर समजा.” अनवाणी आत गेलो आणि थबकलो. बाहेर पश्चिमेचा वारा धुरळा उडवत होता, आत आधाराला लावलेल्या शेवरीच्या झाडांवर चढलेले वेल जेमतेम हलत होते. मळ्याभोवती पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) उंच ताटी बांधली होती. वेलांमधून दादा उठला. केस पिकले होते.

“कावून आला रे?” का आलास, हे त्यानं वऱ्हाडीतच विचारलं, आणि मग एकदम आमच्या बोलीवर येऊन, “आई बरी हाय ना?”

मला रडू आलं. तुळसाबाईंनी न बघितल्यासारखं करून ज्वारीची भाकरी, बेसन आणि ठेचा वाढला. ठेच्यामुळे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. जेवताना त्या म्हणाल्या, “त्या निवांतातल्या वेलाले सांजच्याला पानी द्या लागन.” मी दादाकडे पाहिलं. तो भाकरी मोडत राहिला. समुद्रावरून त्यानं एवढा एकच शब्द बरोबर आणला होता.

“घरी चल,” मी म्हटलं.

“पश्चिमेची ताटी सैल झाली हाय. ती टाकून कसा येऊ?”

एवढंच ना! दुसऱ्या सकाळी तो पानांच्या टोपल्या घेऊन बाजाराला गेला तसा मी कंबर कसली. तांडेलाचा मुलगा मी. गलबताच्या फटी बुजवाव्यात तशा मी ताटीच्या फटी काड्या ठासून बुजवल्या आणि दोर आवळला. प्रकाशाचा कवडसासुद्धा आत येईना. दुपारी वारा उठला, ताटी फुगली आणि कडाडून वेलांच्या तीन ओळींवर आडवी झाली.

“हे काय करून ठेवलं, बापा!” तुळसाबाई धावल्या. “वाऱ्याले थोडी वाट द्या लागते. समदाच अडवला त तो ताटीच घेऊन पडते!”

माझं तोंड लाजेनं काळं पडलं. दादा आला, त्यानं पडलेली ताटी पाहिली, आणि तो हसला. “पक्का बाबांचा मुलगा हायस. त्यांनी पण फट ठेवली नाय.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी वेल उचलून बांधले. मधेच त्यानं हळूच विचारलं, “त्यांनी बोलावलंय?”

खोटं बोलवेना. “नाही. पण देशावरून कुणी आलं, की बाबा त्याला विचारतात, वऱ्हाडात वारा कसा आहे.”

दादानं तोंड फिरवलं. बराच वेळ तो एकच गाठ सोडत आणि बांधत होता. मग म्हणाला, “वारा विचारतात. मला नाय विचारत.” मला कळलं, तो येणार नाही.

निघताना तो फलाटापर्यंत आला. सोबत पानांची टोपली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. गाडी हलली तेव्हा खिडकीला धरून चालत म्हणाला, “त्यांनी कधी जागा विचारली तर सांग, हाय.”

परतीच्या वाटेवर मी ती टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. वारा अंगावर घेतल्याशिवाय निवांत काय ते कळत नाही, आणि दादानं तर वाऱ्याच्या मुलखातच घर केलं होतं. बोटीतून आमचं बंदर दिसलं, तेव्हा पहिल्यांदाच घरी यायचा आनंद झाला नाही.

आईनं दारातून माझ्यामागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. ती आत गेली. बाबा ओटीवर बसले होते. “वारा कसा आहे तिकडं?”

“पश्चिमेचा. फार. पण दादानं मळ्याला आडोसा बांधला आहे. फटी ठेवून.”

मी टोपली पुढे केली. त्यांनी फडकं उकललं. पानं अजून हिरवी होती. एक पान त्यांनी तळहातावर ठेवलं, अंगठ्यानं त्याच्या शिरा चाचपल्या. समोर भरतीचं पाणी चढत होतं, पण ते तिकडे बघत नव्हते.

“जागा हाय का त्याच्याकडं?” त्यांनी विचारलं.

“हाय,” मी म्हटलं. “ये म्हणालाय.”

बाबा उठले आणि बाहेरगावी जाताना घालायचं पागोटं शोधू लागले.