मिळून आला नाही

ओल्या मेंदीचा वास आला की मला पडेगावची ती खोली आठवते. मी तेव्हा पोलीस शिपाई होतो आणि माझ्या खिशात पोटगी थकवलेल्या एका नवऱ्याचं वॉरंट होतं. त्यानं तलाक दिलेली बायको पोराला घेऊन खाली रिक्षात थांबली होती. उद्या ईद आहे, आज तो घरीच सापडणार, असं तिचं म्हणणं होतं. दार त्याच्या नव्या बायकोनं कोपरानं ढकलून उघडलं, कारण दोन्ही हातांवर मेंदी ओली होती. "घर में नहीं हैं, साब," ती मोठ्यानं म्हणाली आणि म्हणता म्हणता मेंदीचं एक बोट हळूच माळ्याकडं केलं. वर पत्र्याचा डबा वाजला. मी चढलो असतो तर कुणी सांगितलं हे त्याला कळलं असतं, मग माझ्यामागं तिचं काय झालं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे ऊन लई होतं आणि मला कंटाळा आला होता. दारातच मी वॉरंटावर लिहिलं, 'मिळून आला नाही'. खाली पहिलीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चलो भाई." दोन वर्षांनी कोर्टाच्या व्हरांड्यात ती दुसरी दिसली, हातात स्वतःचा पोटगीचा अर्ज घेऊन. "मैंने तो बताया था ना, साब," एवढंच बोलली. आता मी रिटायर झालोय. परवा नातीनं मेंदी दाखवायला बोट वर केलं, तर मी आधी माळ्याकडं बघितलं.