उलट चिकटलेलं लेबल

सकाळी दूध गॅसवर ठेवलं होतं तेव्हा वाहेदभाईच्या बायकोचा, भाभींचा फोन आला. "सुधाकरभाई, ते गेले," एवढंच त्या बोलल्या. दूध उतू गेलं आणि मी ते बघत उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो असा, की कॅसेटची दुसरी बाजू राहिली... सहा आठवडे होत आले. त्या विचाराबरोबर आलेली भीती अजून गेलेली नाही.

वाहेदभाईचं पैठण गेटजवळ कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. लोक यादी घेऊन यायचे आणि तो कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून द्यायचा. कव्वाली असो की लग्नाची गाणी, कुठलंही आधी, कुठलंही नंतर, त्याची ना नसे. पण परदेशी रॉकची तबकडी आली की गडी हटून बसायचा. "रांग मोडायची नाय. गाणाऱ्यांनी लावलीय तशीच भरणार. एक गाणं दुसऱ्याला हाताला धरून आणतंय, तू मधूनच उचललं तर ते येणार कुठून?" यावरून कितीतरी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. याला त्याचं काही नव्हतं.

मी तेव्हा पाचोडहून नुकताच शहरात आलो होतो, चिकलठाण्याला एका कारखान्यात लागलो होतो, खोलीवर एकटाच. त्यानं मला एक अल्बम भरून दिला. इंग्रजी अर्धं कळायचं, अर्ध्याचा अंदाज. शेवटचं गाणं मात्र पूर्ण कळलं, कारण त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. आतून कुणी दार वाजवावं तसा ड्रम, मग एक माणूस कुणाला तरी हाका मारतो, ओ येत नाही, आणि आवाज मध्येच तुटतो. पुढं नुसती फितीची खरखर. वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. भर दुपारीसुद्धा ते गाणं संपलं की मी दार उघडून बाहेर ओट्यावर येऊन बसायचो. आणि तरी रोज लावायचो. असं वर्षभर चाललं. सगळं शेवटी असंच तुटतं, ही माझी समजूत त्या वर्षात पक्की झाली.

एकदा बोलता बोलता हे वाहेदभाईपाशी निघालं. "शेवटी? ते शेवटी नाय रे. ते मधात आहे." दुसऱ्या दिवशी कॅसेट आणायला लावली. घाईत त्यानं पहिल्या बाजूचं लेबल दुसऱ्या बाजूला चिकटवलं होतं आणि मी वर्षभर तो अल्बम आधी दुसरा अर्धा, मग पहिला असा ऐकत होतो. रांगेसाठी जगाशी भांडणारा माणूस तो, त्याचं तोंड पार उतरलं. त्यानं शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि सुरुवातीपासून ऐकवलं. ड्रम आला, हाका आल्या, तुटल्या. मी सवयीनं दाराकडं जायला उठलो. त्यानं शांतपणे कॅसेट काढून उलटी केली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं होतं, साधी गिटार आणि हळू गुणगुणणारा एक आवाज. पण त्या हाकांनंतर ऐकलं तेव्हा कळलं, की ही त्यांना आलेली ओ आहे. मी रडलो. "भ्या वाटतं तिथं थांबायचं नाय, सुध्या," तो म्हणाला, "उठून उलटी करायची." लेबलं त्यानं काढली नाहीत. त्यांच्यावरच लाल पेनानं एक आणि दोन लिहून दिलं.

हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तीच कॅसेट मागवली. मी वॉकमनसकट घेऊन गेलो. "लई भ्या वाटायलंय रे," तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होतो. एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. हाका तुटल्या, फीत खट् करून थांबली, आणि तेवढ्यात भेटीची वेळ संपली म्हणून सांगायला माणूस आला. "उद्या उलटी करू," मी म्हणालो आणि वॉकमन त्याच्या उशाशी ठेवून उठलो. मिनिटभराचं काम होतं. त्याच्या हाताला सलाईन होतं, त्याला ते जमणार नव्हतं, हे मला दिसत होतं. सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधीच तो गेला. ज्यानं मला त्या गाण्यातून बाहेर काढलं, त्याला मी तिथंच सोडून आलो होतो.

परवा तो जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला भाभींनी वॉकमन माझ्या हातात दिला. मी धीर करून विचारलं, त्या रात्री तो काही बोलला का. "तुम्ही गेल्यावर मी रात्री थांबायला आले, तर म्हटले, ही उलटी करून दे. मला कुठं येतंय ते? लाल दोन वर घे म्हटले. मी बटण दाबलं. थोडा वेळ पाय हलवत होते, ते तालावर हलवायचे ना, तसे. मग डोळा लागला, मी बंद केलं."

आता वॉकमन माझ्या टेबलावर आहे. झाकणाच्या काचेतून लाल दोन दिसतं. गुंडाळणाऱ्या चाकावर फितीचा जेमतेम पातळसा थर चढलाय, म्हणजे तो त्या पहिल्या गाण्यातच थांबला. बटण दाबलं तर ती पुढं जाईल आणि तो थांबला ती जागा मला पुन्हा सापडणार नाही. वाहेदभाई म्हणाला असता, भ्या वाटतं तिथं थांबायचं नाय. पण तो तिथं आहे... आणि त्याला मागं टाकून पुढचं गाणं ऐकायची माझी अजून छाती होत नाही.