मी यांना ओळखतो

नोटरीचा नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. माणूस समोर पाहिजे, त्याची ओळख पटली पाहिजे आणि सही त्यानं आपल्या डोळ्यांदेखत केली पाहिजे. मेहकरच्या कोर्टाबाहेर ज्या नोटरी वकिलांकडे मी ज्युनिअर होतो, त्यांचा शिक्का मात्र टायपिस्टच्या ड्रॉवरमध्ये असायचा. सकाळी आल्या आल्या ते कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवत. खाली 'मी यांना ओळखतो' अशी ओळ असे, तिथं माझी सही. चहा पिता पिता मी पन्नासेक लोकांना ओळखून मोकळा व्हायचो. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते.

एक दिवस डोणगावची एक अंगणवाडीसेविका आली. हातात आमच्याच शिक्क्याच्या प्रतिज्ञापत्राची रंगीत झेरॉक्स होती: वडिलांच्या शेतात मला हिस्सा नको. खाली तिचं नाव आणि नावाशेजारी निळा अंगठा.

"मले सही येते," ती म्हणाली. "हा अंगठा कोनाचा हाय?"

वकीलसाहेब तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून आले. "भावानं आणला असंन कागद. घरातलं घरात मिटवा, ताई."

"तो तलाठ्याकडे देऊन राह्यला ना हा कागद. माहा हिस्सा जाते." मग तिनं माझ्या सहीवर बोट ठेवलं. "तुम्ही मले कवापासून ओळखता?"

कागद करणाऱ्यानं सही किंवा अंगठा द्यायचं नोटरीचं रजिस्टर मी काढलं. तिथंही तिच्या नावापुढे तसाच निळा अंगठा. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि त्या कुंपणात मीही होतो. ती गेल्यावर साहेब म्हणाले, "गप राह्य बे. तुही वकिलीची सनद जाईन."

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी माझंच प्रतिज्ञापत्र लिहिलं: ही बाई आमच्यासमोर कधी आलीच नव्हती, मी तिला न पाहता सही केली. तिला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या नोटरीकडे गेलो. त्यांनी कागद वाचला नाही, ओळखपत्र मागितलं नाही. मोबाइलवर बोलता बोलता शिक्का मारला आणि कागद माझा असतानाही रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"इथं अंगठा लावा, बाई."