पहिले पाच झोत

तिला सगळे ताई म्हणत, वयाने दहा वर्षं मोठे असलेले साहेबसुद्धा. परग्रहावर जाणाऱ्या गाडीच्या सरावासाठी प्रयोगशाळेला दगड लागत. ते कापायचे, घासायचे आणि वर चाळलेली लाल धूळ पसरायची, हे तिचं काम. शाळेत माझ्या वर्गात शिकायला होती तेव्हाही अशीच. फळ्यावर माझं काही चुकलं की हात वर करायची, आणि मी कबूल करेपर्यंत खाली घ्यायची नाही.

ही गाडी दगडावर लेसरचे झोत मारते. दगडाचा कण जळून चमकतो, आणि त्या चमकेतल्या रंगांवरून आत काय आहे ते यंत्र ओळखतं. एका जागी तीस झोत. त्या दिवशी यंत्राने चांगलंच गंधक दाखवलं. साहेब खूश! अहवाल तयार झाला, नमुना करणाऱ्याची सही तेवढी राहिली.

"या दगडात गंधक नाही," ताई म्हणाली. "मी कापलाय. गंधक धुळीत आहे."

"अगं, मग यंत्र खोटं बोलतं का?" साहेब म्हणाले.

"खरंच बोलतंय, पण धुळीबद्दल. पहिल्या पाच झोतांत धूळ उडते, मग कुठे दगड लागतो. तुम्ही तिसांची सरासरी काढलीत. सालीसकट केळं खायचं आणि म्हणायचं केळं तुरट!"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दगड कापणाऱ्यांनी दगड कापावेत. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीच्या पगारावर. सगळे तिच्या पेनाकडे बघत होते. सहीच्या चौकटीत तिने लिहिलं, 'पहिले पाच सोडून मोजा.'

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ती दारात हजर.

"ताई, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणून निरोप आहे," पहारेकरी चाचरत म्हणाला.

"लेखी दाखव."

लेखी काही नव्हतं. ती सरळ आत गेली आणि करवतीला लागली.

दुपारी यंत्र चालवणारा धावत खाली आला. "ताई, पाच सोडून पाहिलं. गंधक जवळजवळ गायबच!"

पाठोपाठ साहेब आले, नवा अहवाल घेऊन. "घे, कर सही."

तिने करवत थांबवली. "जुना कुठंय?"

"असेल वर टेबलावर."

"तो आणा. आधी माझ्यासमोर फाडा."

साहेब घुटमळले. तिने पुन्हा करवत सुरू केली, तेव्हा ते जिना चढू लागले.